लायनेल नावाच्या गृहस्थांसाठी ऑगस्टची एक मॅच

खाली सही करणारी मी, हेस्टर मॉड रॅक्सॉल, वय वर्षे एक्काहत्तर, अविवाहित, जुन्या खुर्च्या-कोचांना नवी गादी आणि नवे कापड चढवण्याच्या धंद्यातून निवृत्त, राहणार चॅपल लेन, ऑल्डरकोंब, इंग्लंड, लिहून ठेवते की हे माझे अखेरचे मृत्युपत्र आहे आणि यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत आहे. धाकटा भाऊ नॉर्मन याचे याबाबतीत वेगळे मत आहे, पण न विचारता मत देण्याची सवय त्याला पाळण्यात असल्यापासून आहे. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. गुडघे दुखतात, एवढीच काय ती तक्रार.

माझ्या वकील मिस पार्जेटर हे सगळे टाइप करून देणार होत्या. मीच नको म्हटले. टाइप करता करता त्या माझी निम्मी वाक्ये गाळतील आणि उरलेल्यांना इस्त्री करतील. म्हणून माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. खाडाखोड होईल तिथे शेजारी माझी आद्याक्षरे असतील. आज ऑक्टोबरचा पहिला सोमवार. क्रिकेटचा मोसम गेल्या आठवड्यात संपला, त्यामुळे मला वेळच वेळ आहे.

कलम एक. मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची टॅम्सिन हिने करावी. ती नॉर्मनची मुलगी असली तरी तिच्यात नॉर्मनचे फक्त नाक आले आहे.

कलम दोन. चॅपल लेनचे घर टॅम्सिनला. मागच्या खोलीतली माझी हत्यारे, म्हणजे बारीक चुका ठोकायचा छोटा हातोडा, पट्टे ताणायची फळी, वाकड्या सुया आणि घोड्याच्या केसांचे उरलेले पोते, हे ऑल्डरकोंबमध्ये जो कोणी हा धंदा करत असेल त्याला द्यावे. कोणीच करत नसेल तर सुया टॅम्सिनने ठेवाव्यात. बाकीचे विकावे. स्पंज भरून खुर्ची फुगवणाऱ्याला मात्र यातले काहीही मिळू नये.

कलम तीन. नॉर्मन कौंटी क्लबच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या क्रिकेट क्लबच्या, समितीवर आहे. ऑल्डरकोंबच्या मैदानावर कौंटीची मॅच यापुढे होणार नाही असे ज्या बैठकीत ठरले, त्या बैठकीत त्याने हात वर केला होता. ज्या खुर्चीत बसून केला ती खुर्ची मीच भरली होती, आणि चांगली भरली होती. मी त्याला माझ्या स्वयंपाकघरातली कडक लाकडी खुर्ची देते. तिला गादी घालू नये. तो त्यावर बसला तर त्याला थोडेफार कळेल की मैदानातल्या बाकावर आम्ही लोक दिवसभर कसे बसत होतो आणि तरीही उठत का नव्हतो.

कलम चार. माझी व्हॅन टॅम्सिनला. दुसरा गिअर हट्टी आहे, त्याला रागावून उपयोग नाही.

कलम पाच. या कलमावर मिस पार्जेटर यांच्याशी माझे वाजले. माझ्या बचतीतला काही भाग वेगळा काढून टॅम्सिनने जवळ ठेवावा आणि त्यातून लायनेल नावाच्या गृहस्थांना, ते जिवंत असेपर्यंत, त्यांच्या दारापासून कौंटीच्या कोणत्याही मैदानापर्यंत आणि खेळ संपल्यावर परत दारापर्यंत टॅक्सीचे भाडे द्यावे. खेळ संपल्यावर. शेवटचा चेंडू पडायच्या आधी नव्हे.

"आडनाव काय?" मिस पार्जेटर यांनी विचारले.

"माहीत नाही."

"पत्ता?"

"तोही नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मिस रॅक्सॉल, किती वर्षांची ओळख आहे तुमची?"

"तीस वर्षांच्या वर."

"आणि आडनाव माहीत नाही?"

"क्रिकेटची ओळख आहे ती," मी म्हटले. त्या टेनिस बघतात. त्यांना कसे समजावणार?

त्यांचे म्हणणे असे की माझ्या वयाचे लायनेल इंग्लंडात काही थोडेथोडके नाहीत, कौंटीच्या सभासदांतच चार-पाच निघतील, तेव्हा माणूस नेमका ओळखता येईल असे वर्णन तरी द्या. ते देते.

सदर लायनेल ऑल्डरकोंबच्या मैदानावर पॅव्हेलियनच्या डाव्या हाताला, बीच नावाच्या मोठ्या झाडाखाली, चौथ्या रांगेतल्या बाकावर माझ्या डावीकडे बसत. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असावेत. उन्हाळी टोपी एकच, तिची कड मागच्या बाजूने उसवलेली. ती शिवून देण्यासाठी माझे हात कित्येक वर्षे शिवशिवत होते. त्यांचे नाव लायनेल आहे हेसुद्धा मला त्यांनी सांगितले नाही. मागच्या रांगेतले डेस्मंड ओकी यांनी एकदा "लायनेल, जरा डोकं खाली घ्या, माझी खेळपट्टी झाकली जातेय" असे म्हटले, तेव्हा कळले. ते पोर्क पाय, म्हणजे डुकराचे मांस भरलेली जाड पेस्ट्री, घरून आणतात, खिशातल्या चाकूने कापतात आणि मोठा तुकडा शेजाऱ्याला देतात. समोरच्या संघाच्या चांगल्या झेलालाही टाळ्या वाजवतात. कोणी चुकीची माहिती दिली तर, मग तो आर्चबिशप का असेना, दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एका वर्षी जूनमध्ये ते काळा टाय लावून आले. त्या मॅचला त्यांनी पोर्क पाय आणला नव्हता. मी माझ्यातले अंड्याचे सँडविच पुढे केले. त्यांनी ते सगळे खाल्ले आणि म्हणाले, "मोहरी छान आहे." चारही दिवस आम्ही खेळपट्टीबद्दलच बोललो. कोण गेले होते ते मला आजपर्यंत माहीत नाही. आमच्याकडे शेजारी बसणाऱ्याला घरचे विचारत नाहीत. सांगितले तर ऐकून घेतात, न सांगितले तर चेंडूकडे बघतात.

मला क्रिकेट आवडते, पण खरे सांगायचे तर मैदानावरचा मला सर्वात आवडणारा वेळ जेवणाच्या सुट्टीचा. खेळाडू आत गेले की रखवालदार सीमारेषेची दोरी उचलून धरतो आणि आम्हा प्रेक्षकांना गवतावर चालत मधोमध जाऊ देतात. खेळपट्टीपाशी आखलेल्या रेषेबाहेर उभे राहून सगळे म्हातारे कमरेत वाकून मातीकडे बघतात. काही कळो न कळो, मान हलवतात. लायनेल आणि मी तिथपर्यंत शेजारी शेजारी चालत जायचो आणि तसेच परत यायचो. तेवढे चालणे सोडले तर आम्ही दोघे कधी एकत्र कुठे गेलेलो नाही.

आमच्या बाकावर इंग्लंडचे क्रिकेट सुधारण्याची चर्चा पाऊस पडला की सुरू व्हायची, म्हणजे बहुतेक रोज. प्रत्येकाची आपापली योजना होती. डेस्मंड यांचे म्हणणे, खेळपट्टीवर पावसात ताडपत्री घालणेच बंद करा.

"भिजू द्या की तिला! पूर्वी भिजायची. तेव्हा फिरकी गोलंदाजाला घरात मान होता."

"तेव्हा तुम्हालाही केस होते डेस्मंड," लायनेल म्हणायचे. "तेही परत आणायचे का?"

माझी योजना साधी. ऐन उन्हाळा चार दिवसांच्या मॅचना द्या. हल्ली ती मॅच बहुतेक एप्रिलमध्ये असते, तेव्हा यष्टिरक्षकाच्या नाकातून पाणी गळते, नाही तर सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा चार वाजता सावल्या मैदानभर होतात. मधला चांगला काळ त्या शंभर चेंडूंच्या खेळाने नेला. आमची चांगली मुले ऑगस्टात दुसऱ्या शहराचे रंगीत कपडे घालून दुसऱ्याच नावाच्या संघात खेळतात, आणि उरलेल्या पोरांना घेऊन कौंटी आपले कसेबसे भागवते.

लायनेल यांचे मत वेगळे होते, आणि ते मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते. "मला रंगीत कपडे आवडतात हो. पोरंटोरं येतात, ओरडतात, आइस्क्रीम सांडतात. आपण मेल्यावर या बाकावर कुणीतरी बसायला हवं ना? आणि अठरा कौंट्या जास्तच होतात. बारा पुरेत."

"आणि त्या बारांत आपली नसली तर?"

"तर नसली."

यावर मी चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. चहानंतर त्यांनी पोर्क पायचा उरलेला तुकडा माझ्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, "बरं, तेरा."

सुरुवातीला वर्षाकाठी चार-पाच मॅच आमच्या गावात होत. मग दोन झाल्या. मग ऑगस्टमधला एकच आठवडा उरला. लंडनच्या क्रिकेट बोर्डातल्या मंडळींनी कागदावर एकेक ओळ खोडली, आणि प्रत्येक ओळीबरोबर माझे लायनेल यांच्या शेजारचे काही दिवस गेले. हे त्यांना माहीत असायचे कारण नाही. शेवटच्या आठवड्यानंतर आम्ही नेहमीप्रमाणे उठलो, आपापले सामान आवरले, त्यांनी टोपीला हात लावला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी भेटू." ती शेवटची मॅच आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते जानेवारीत जाहीर झाले.

तेव्हापासून मी व्हॅनने कौंटीच्या मुख्य मैदानावर जाते. तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत आणि दोन चेंडूंच्या मधल्या शांततेत लाउडस्पीकरवर गाणी लावतात. मी प्रत्येक मॅचला आधी सगळे मैदान फिरून येते, मग बसते. डावीकडच्या खुर्चीवर थर्मास ठेवते, म्हणजे तिथे भलताच कोणी बसत नाही.

"तुमचे लायनेल दिसत नाहीत हल्ली?" डेस्मंड यांनी पहिल्याच मोसमात विचारले.

"माझे कुठले?"

"बरं. आपले लायनेल."

मी क्लबच्या कचेरीत चौकशी केली. तिथली मुलगी गोड होती. पत्ता देता येणार नाही म्हणाली, पण चिठ्ठी लिहा, त्या नावाच्या सगळ्या सभासदांना पोचवू. मी घरी येऊन कागद घेतला. काय लिहायचे? "गेल्या आठवड्यात आपले सलामीवीर बरे खेळले"? ते त्यांनी पेपरात वाचले असणार. मॅच नसताना मी त्यांना पत्र कोणत्या कारणाने लिहायचे हे मला काही केल्या सुचले नाही. कागद कोराच राहिला.

मला त्यांची फार आठवण येते. हे लिहायला आता हरकत नाही, कारण वाचले जाईल तेव्हा मी नसेन. संध्याकाळी खेळ संपायच्या सुमारास मी अजूनही डावीकडे बघून बोलायला तोंड उघडते. हे कुणाच्या लक्षात आलेले नाही, एक डेस्मंड सोडून, आणि ते चांगले आहेत, काही बोलत नाहीत.

कलम सहा. बाकीची सगळी बचत मी आमच्या कौंटी क्लबला देते, पण पुढील अटींवर. दर ऑगस्टमध्ये, शाळांना सुट्टी असताना, ऑल्डरकोंबच्या मैदानावर चार दिवसांची एक मॅच व्हावी. त्या चार दिवसांत कौंटीचे खेळाडू कौंटीतच असावेत, कुणाला भाड्याने दिलेले नसावेत. गाणी लावू नयेत. जेवणाच्या सुट्टीत दोरी उचलून लोकांना खेळपट्टीपर्यंत जाऊ द्यावे. सोळा वर्षांखालच्या मुलांना फुकट सोडावे आणि आइस्क्रीम सांडले तर रागावू नये. ही अट लायनेल यांच्यासाठी घातली आहे. क्रिकेट पुन्हा सगळ्यांच्या घरच्या टीव्हीवर फुकट दिसावे असेही मला वाटते, पण तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. क्लबने दहा वर्षांत या अटी पाळल्या नाहीत तर पैसे ऑल्डरकोंबच्या सरकारी शाळेला द्यावेत. तिथल्या मुलांना अजून खरा चेंडू हाताला लागलेला नाही, प्लॅस्टिकच्याच बॅटीवर त्यांची बोळवण होते.

मॅच झाली तर टॅम्सिनने पहिल्या दिवशी बीचखालच्या चौथ्या रांगेत जाऊन बघावे. लायनेल हयात असतील तर येतील. ऑगस्टात ऑल्डरकोंबला मॅच असताना हा माणूस घरी बसणार नाही. ते सापडले की त्यांना कलम पाच वाचून दाखवावे. फक्त टॅक्सीचा भाग. बाकीचा दाखवू नये.

इथपर्यंत लिहून मी सही करणार होते. पण मिस पार्जेटर म्हणाल्या, साक्षीदार दोन हवेत, आणि दोघांनी एकाच वेळी तुम्हाला सही करताना पाहायला हवे. नॉर्मनला मी बोलावणार नव्हते. डेस्मंड क्लबच्या सभासदांच्या नोव्हेंबरच्या सभेला भेटणार होते, तेव्हा त्यांना विचारू म्हणून कागद बाजूला ठेवला. पुढचे आज, डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी लिहीत आहे.

सभा कौंटीच्या शहरात होती. विषय एकच होता. चार दिवसांच्या मॅच आणखी कमी कराव्यात आणि जुलै-ऑगस्ट पूर्णपणे छोट्या खेळांना द्यावेत, असा समितीचा ठराव. हॉल भरला होता. सभासद मंडळींना मी प्रथमच ओव्हरकोटात पाहत होते आणि निम्म्यांची ओळख पटत नव्हती. नॉर्मन व्यासपीठावर बसला होता. माझी पाळी आली तशी मी क्रिकेट सुधारण्याच्या माझ्या सूचनांचा कागद घेऊन उभी राहिले.

"हेस्टर, प्रत्येकाला एक मिनिट ठरलंय हं," नॉर्मन म्हणाला.

"नॉर्मन, तुझं अख्खं बालपण ऐकून घेतलंय मी. तू माझं एक मिनिट ऐक."

लोक हसले. मी सुरुवात केली. सगळा हिशेब पैशांचा मांडता, म्हटले, पण माणसे कशासाठी येतात ते कुणी विचारत नाही. ऑल्डरकोंबच्या शेवटच्या मॅचचेच घ्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर खेळ झालाच नाही, सगळा पावसात गेला, तरी साडेपाचपर्यंत लोक छत्र्या घेऊन बाकांवर बसून होते.

"पावसात नाही," मागून कोणीतरी म्हणाले. "अंधूक उजेड होता. त्या दिवशी थेंबही पडला नाही."

मी वळले नाही. माझ्या हातात कागद होता आणि त्यावरचे पुढचे वाक्य मला वाचता येईना.

"छत्र्या होत्या," मी समोर बघूनच म्हटले.

"छत्र्या बुधवारी होत्या. तुम्ही गुरुवारचं सांगताय."

"तुम्हा दोघांचं हवामान झालं असेल तर पुढे जाऊ या का?" नॉर्मन म्हणाला.

मी खाली बसले. सूचनांचा कागद पूर्ण वाचलाच नाही. मतदान झाले आणि ठराव मंजूर झाला, काठावर का होईना. ऑगस्ट गेला. डेस्मंड शेजारी बसून रुमालात नाक शिंकरत होते, मला वाटते ते रडत होते. मलाही रडू यायला हवे होते. पण मी दाराकडे बघत होते, कारण गर्दी बाहेर निघाली होती आणि त्या गर्दीत एक उंच माणूस बाहेर न पडता उलट्या दिशेने, माझ्याकडे येत होता.

हॉलच्या कोपऱ्यात चहाची टाकी होती. आम्ही तिथे कागदी पेले घेऊन उभे राहिलो. ते बरेच वाळले होते. ओव्हरकोटाची वरची दोन बटणे वेगवेगळ्या रंगांची होती.

"तुम्ही आलाच नाहीत," मी म्हटले. "मुख्य मैदानावर. एकदाही."

"दोन बस बदलाव्या लागतात हो. आणि परतीची शेवटची बस चहाच्या सुट्टीनंतर लगेच. शेवटचा भाग न बघता उठून जायचं म्हणजे... एकदा केलं तसं. पुन्हा नाही केलं. आज शेजारच्या पोरानं आणून सोडलं."

"राहता कुठे तुम्ही?"

तीस वर्षांनी मी हा प्रश्न विचारला आणि विचारून झाल्यावर माझे कान गरम झाले.

"नेदर स्टोकला. पेट्रोल पंपाच्या मागची गल्ली."

त्या पंपावर मी दर मॅचला पेट्रोल भरते. तो बरोबर निम्म्या वाटेवर पडतो. व्हॅनमधली शेजारची जागा रिकामी असते, तिच्यावर मी थर्मास पट्ट्याने बांधून ठेवते, नाही तर वळणावर लवंडतो. हे मी त्यांना सांगितले. मग मीच चिडून म्हटले, "कचेरीत एक चिठ्ठी टाकायची होती ना!"

"लिहायला बसलो होतो. 'प्रिय मिसेस' एवढं लिहिलं आणि पुढे तुमचं आडनाव येईना."

"रॅक्सॉल. आणि मिसेस नाही. मिस."

"मिस?"

"मिस."

त्यांनी चहा ढवळायला घेतला. त्यात साखर नव्हती, तरी बराच वेळ ढवळत राहिले.

"हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मी "हो" म्हटले. आमच्यामागे डेस्मंड उभे होते. ते मुकाट्याने दुसऱ्या टेबलाकडे बिस्किटे बघायला गेले.

आज सकाळी व्हॅन घेऊन मी नेदर स्टोकच्या गल्लीत गेले आणि लायनेल यांना इकडे आणले. डेस्मंड बसने आले. मिस पार्जेटर आधीच हजर होत्या. मी साक्षीदार म्हणून दोघांची नावे सांगितली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"एक अडचण आहे. हेच ना ते कलम पाचमधले गृहस्थ? कायद्यानं साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. यांनी साक्ष दिली तर यांच्या नावाचं कलम बाद होईल. दुसरा साक्षीदार आणा. टॅम्सिनचा शेजारी, दूधवाला, कोणीही चालेल."

"काय आहे माझ्या कलमात?" लायनेल यांनी विचारले.

"टॅक्सी," मी म्हटले. कागदावर हात ठेवला होता.

"मॅचला जायला?"

"आणि यायला. खेळ संपल्यावर."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "पण बाई, ही टॅक्सी तुम्ही गेल्यावर येणार. तेव्हा तिकडे जाऊन मी कुणाच्या चुका काढू?" आणि मिस पार्जेटर यांच्याकडे वळून, "सही करताना साक्षीदाराला पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा लागतो ना?"

"लागतो."

"मग मी साक्षीदार. द्या पेन."

म्हणून कलम सात. कलम पाच रद्द. ते खोडू नये, तसेच ठेवावे, पण अमलात आणू नये. त्यातले पैसे कलम सहामध्ये जमा करावेत. ठराव मंजूर झाला असला तरी कलम सहा मी बदलत नाही. समित्या बदलतात, नॉर्मनही कधीतरी निवृत्त होईल. कलम चारमधली व्हॅन मी जिवंत आहे तोवर माझ्याकडेच राहील. टॅम्सिनने त्यावर डोळा ठेवू नये. एप्रिलच्या पहिल्या मॅचपासून ती वाटेत नेदर स्टोकला थांबणार आहे. यष्टिरक्षकाच्या नाकातून पाणी गळत असले तरी.

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून न दाखवता, त्यांच्यासमोर फक्त सही करून मिस पार्जेटर यांच्या स्वाधीन करत आहे. वाचून दाखवायला लागत नाही, हे त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

मृत्युपत्र करणारी:
हेस्टर मॉड रॅक्सॉल (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिला:
डेस्मंड आर्थर ओकी (सही)
टॅनरी रो, कौंटीच्या मैदानामागे

साक्षीदार दुसरा:
लायनेल फ्रान्सिस पेनकॉट (सही)
तीन नंबरचे घर, पंपामागची गल्ली, नेदर स्टोक. हिरवे दार. घंटी बिघडली आहे, जोरात ठोठावावे. हिवाळ्यातही घरीच असतो.

स्थळ: ऑल्डरकोंब
तारीख: ७ डिसेंबर २०२४